सॅमसनकाकांची बुरशी

सॅमसनकाका रोज सकाळी आंघोळीला आमच्याकडे येत, कारण त्यांच्या न्हाणीघरात बुरशी राहत होती. ती आपणहून आली नव्हती. काकांनी तिला आणलं होतं आणि जावयासारखी तिची बडदास्त ठेवली होती. खांद्यावर पंचा, हातात साबणाची डबी, आणि दारात उभं राहून, "टाइम हाय ना तुला रेचल? नसला तरी मी आलोय," एवढं बोलून ते सरळ आत शिरत. माझा नवरा मोरोक्कोहून आलेल्या ज्यू घराण्यातला. आपल्या न्हाणीघरात एक शेजारी म्हातारा जोरजोरात खाकरत आंघोळ करतो हे त्याने काही दिवस सोसलं. नंतर तोच त्यांच्यासाठी बॉयलर लावून ठेवू लागला.

आमचं गाव अराद, इस्रायलमधलं, वाळवंटाच्या काठावरचं. इथली हवा इतकी कोरडी की दम्याचे रोगी देशभरातून इथे राहायला येतात. सकाळी उघडा राहिलेला पाव संध्याकाळी दाताला दाद देत नाही. अशा गावात बुरशी वाढवायची म्हणजे शुद्ध हट्ट झाला, आणि हट्टाचा काकांकडे कधी तुटवडा नव्हता. "होणार नाही" हे दोन शब्द ऐकले की त्यांच्या अंगात यायचं. मान ताठ करून ते म्हणत, "कोन काय वाकडं करतो बघू."

हे सगळं चाललं होतं राणीसाठी. राणी ही त्यांची कुत्री. रंग चहाचा, एक कान उभा, एक पडलेला, स्वभाव मालकापेक्षा पुष्कळ बरा. काकांचं घर तळमजल्यावर, मागे वीतभर अंगण, त्या अंगणात राणीचं घर आणि त्या घरात गोचीड. गोचीड अंगणातून जिन्यात आले, जिन्यातून वरच्या मजल्यांवर गेले, आणि एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या लिओनिदच्या उशीवर एक सापडला. लिओनिद आमच्या इमारतीच्या समितीचा प्रमुख. रशियातून आलेला, दमेकरी, आणि नियमांचा पक्का. त्याने नगरपालिकेत तक्रार केली. पालिकेचं उत्तर आलं की पशुवैद्य तपासणीला येतील. तोवर गोचीड गेले नाहीत, तर कुत्री जाईल.

आता दुकानात गोचिडांचं औषध मिळत नाही असं नाही. मानेवर चार थेंब सोडले की काम होतं, आणि लोकांच्या कुत्र्यांचं काही बिघडत नाही. राणीचं बिघडलं. काकांनी एकदा ते थेंब सोडले, तर ती थरथरायला लागली आणि दोन दिवस पाण्याला तोंड लावेना. काका तिच्याशेजारी फरशीवर झोपले. ती उठली तेव्हा त्यांनी उरलेली बाटली कचऱ्यात टाकली आणि जाहीर केलं, "इष ह्या घरात परत येनार नाय. आपन शनवार तेली हाय. तेलानं काय होत नाय ते सांगा."

शनवार तेली म्हणजे आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. तिथे आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, विश्रांतीच्या शब्बाथला, घाणा बंद ठेवत, म्हणून गावांनी दिलेलं हे नाव. काका ते पदकासारखं मिरवत. वास्तविक त्यांनी स्वतः जन्मात घाणा फिरवला नव्हता. मुंबईत ते गोदीत फिटर होते आणि इथे आल्यावर कारखान्यात फिटर झाले. पण रक्त तेल्याचं. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला निरोप जाई, लोणचं नको, पापड नको, करंजाचं आणि कडुनिंबाचं तेल आण. माझ्या मावसबहिणीची बॅग विमानतळावर उघडली तेव्हा सुरक्षेवरच्या मुलीने बाटलीचं बूच काढलं, वास घेतला, आणि पुढे काहीही न विचारता तिला जाऊ दिलं. त्या तेलात काका रोजमेरी उकळत. रोजमेरी पालिकेच्या कुंपणाची. "तक्रार घेतात, मग झाडपाला पन देऊ देत," असं त्यांचं म्हणणं. हे मिश्रण ते राणीला चोळत आणि संपूर्ण जिन्याला कळे की चोळलं आहे.

तेलाने राणीच्या अंगावर नवे गोचीड चढेनात, पण जमिनीत, भिंतीच्या फटींत होते ते तिथेच होते. तेवढ्यात काकांनी रेडिओवर ऐकलं की शास्त्रज्ञ एक बुरशी वाढवतात, ती गोचिडाला धरते आणि आतून पोखरते, माणसाजनावराला सहसा काही करत नाही. दुसऱ्या दिवशी काका बसने कुठल्याशा शेतकी संस्थेत जाऊन बसले. तिथल्या संशोधकाने तीन वेळा सांगितलं की बुरशीला ओल लागते, अरादमध्ये ती जगायची नाही. काका हलले नाहीत. शेवटी त्या बिचाऱ्याने हिरवट पुडीची एक कुपी देऊन सुटका करून घेतली आणि सांगितलं की ही शिजवलेल्या भातावर वाढते.

"भात कसा शिजवायचा ते पन सांगत होता मना," काका परत येऊन म्हणाले. "मी बोललो, साहेब, तुमच्या आजीला बटाटा ठावा नव्हता तवापासून आमी भात शिजवतोय."

आणि मग त्यांच्या न्हाणीघरात कोकण अवतरलं. ओली गोणपाटं टांगलेली, खिडकीला प्लास्टिक, टबात बरण्यांमध्ये मोकळा, शितन् शीत सुटा भात, त्यावर आधी पांढरी आणि मग हिरवी साय. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायच्या आत ते सगळी गोणपाटं भिजवून ठेवत, म्हणजे शब्बाथला हात लावायला नको. बुरशीला शब्बाथ पाळायला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पहिली फवारणी मात्र वाया गेली. तेल चांगलं, बुरशी चांगली, मग दोन्ही एकत्र केली तर दुप्पट चांगली, असा हिशोब करून काकांनी बुरशी कडुनिंबाच्या तेलात कालवली. गोचीड मजेत राहिले, बुरशी मेली. काका डोकं धरून बसले, तेव्हा मी विचारलं, "काका, लहानपणी आपल्याला नायटा झाला की घरात काय लावायचे?"

"कडुनिंबाचं तेल."

"आणि नायटा म्हणजे काय असतं?"

"बुरशी," ते बरण्यांकडे बघत म्हणाले. "मग ह्ये आधी नाय सांगायचं?" असं मलाच दरडावून त्यांनी नवा भात चुलीवर चढवला. पुन्हा तेल राणीला आणि बुरशी जमिनीला, अशी वाटणी झाली.

एवढ्यात लिओनिदला न्हाणीघराचा पत्ता लागला. दमेकऱ्याच्या इमारतीत बुरशीची शेती! तो लालबुंद होऊन खाली आला. दोघेही मोडक्या हिब्रूत भांडले, शब्द संपले की एक रशियनमध्ये आणि दुसरा मराठीत. मी काकांच्या बाजूची, तरी या वेळी लिओनिदचं चूक नव्हतं, आणि ज्याचं जळतं त्याला कळतं. मी काकांना तसं तोंडावर सांगितलं. त्यांनी दोन दिवस माझ्याकडे आंघोळ केली नाही, म्हणजे कुठेच केली नाही. मग मुकाट्याने बरण्या उचलल्या, अंगणात खड्डा खणला, राणीच्या घराभोवतीची माती भिजवली, त्यात बुरशी मिसळली आणि वर ओली गोणपाटं पसरली. जे फटींत लपले होते ते गोचीड ओलाव्याला आले आणि तिथेच हिरवे होऊन मेले. बुरशीची खरी जागा अंगणातच होती, न्हाणीघरात कधीच नव्हती, हे काकांनी अजून कबूल केलेलं नाही.

पशुवैद्य आली ती तरुण बाई होती, कडक पण सज्जन. तिने राणीचे कान उलटले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, शेपटीखाली पाहिलं. एकही गोचीड नाही. काकांची छाती फुगली. लिओनिदसुद्धा जिन्यात उभा राहून मान हलवत होता. मग ती बाई दोन पावलं मागे सरली आणि हिब्रूत म्हणाली, "बोई." ये.

राणी आली नाही.

"शेव." बस. राणी उभीच. बाईने आणखी दोनतीन आज्ञा दिल्या, राणी नुसती शेपूट हलवत तिच्याकडे बघत राहिली. बाईचा चेहरा गंभीर झाला. गोचिडांच्या तापाने कधी कधी जनावर मंदावतं, ती म्हणाली, हिला काही दिवस नेऊन ठेवावं लागेल.

काकांना सगळं कळलं, पण उत्तराला हिब्रू येईना. एवढ्या भांडणांत मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मग ते गुडघे धरत खाली बसले आणि हळूच म्हणाले, "राणी. हिकडं ये, बाय माझी."

राणी धावत आली.

"बस. आता त्या बाईला हात दे. उजवा. हां."

राणी बसली आणि तिने पशुवैद्याला उजवा पंजा दिला. बाईने माझ्याकडे बघून विचारलं, ही कुठली भाषा. मी सांगितलं, मराठी. हिला हिब्रू येत नाही? मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "तिला कशाला पायजे? तिला काय पालिकेत नोकरी करायची हाय?" मी भाषांतर केलं नाही. बाई हसली, कागदावर सही केली आणि गेली.

सगळे पांगल्यावर मी काकांना चांगलंच फैलावर घेतलं. एवढं सगळं केलंत, आणि दोन हिब्रू शब्द शिकवले असते तर काय बिघडलं असतं?

काका पायरीवर बसले होते. "हिब्रू बोलनारे घरचे लय हायत," ते म्हणाले. "पोरगा, सून, नातवंडं. मी नातवाला इचारतो, जेवलास काय रे? तो बोलतो, केन साबा. हो आजोबा. चांगला पोर हाय. पन तुझी फ्लोराकाकी गेली तवापासून मराठीत बोललेलं या घरात कोन ऐकतं? ही ऐकते. मी मेल्यावर हिच्याशी तू बोल. मराठीत बोल."

"बोलेन," मी म्हणाले. माझ्याही घरात मराठी फक्त माझ्या डोक्यात चालते, आणि सकाळी, स्वतःचं न्हाणीघर मोकळं झालं तरी काका आंघोळीला येतात तेव्हा. "आणि काका, माझ्याशी कोण बोलणार?"

त्यांनी राणीचा पडलेला कान सरळ केला, तो पुन्हा पडला.

"मग र्‍हातो अजून थोडं," ते म्हणाले, आणि गोणपाटावर पाणी मारायला उठले.