जाळी खराब निघाली!

"माझ्या हाताखालून गेलेली एक तरी जाळी परत आलेली दाखवा!" कोटिंग खात्यातल्या बाई येईल त्याला ठणकावून सांगत. बढाई पोकळ नव्हती. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीवर, म्हणजे स्टेंटवर, औषध मिसळलेल्या पॉलिमरचा थर चढवण्यात त्यांचा अकरा वर्षांचा हातखंडा! पेनातल्या स्प्रिंगएवढी ती जाळी गरगर फिरायची आणि फवारा असा अलगद बसायचा, की जणू तान्ह्या बाळाला पावडर लावतंय कुणी!

पण त्या मंगळवारी फवाऱ्याचं तोंड रुसलं. तपासनीस साहेबांनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं.

"बाई, तारांच्या मधे पापुद्रे धरलेत. चाळीसच्या चाळीस बाद!"

बाईंचा चेहरा उतरला. सुटीनंतरही थांबावं तर लागणारच होतं. यंत्राच्या घरघरीतच त्यांनी नवऱ्याला फोन लावला. "अहो, जाळी खराब निघाली! औषध धड बसलंच नाही. आजच्या आज पुन्हा करायला हवी!" आणि ठेवलाही.

आता गंमत अशी, की बाईंच्या सासऱ्यांच्या छातीत चार वर्षांपूर्वी याच कारखान्यातली जाळी बसवलेली. "सूनबाईच्या हातची आहे!" असं ते भाजीवाल्यालाही सांगत. नवरा धावतच त्यांच्या खोलीत गेला.

"बाबा, तुमची जाळी खराब निघाली!"

"तरीच!" बाबा छातीला हात लावून आडवे झाले. "सकाळपासून डावीकडे टोचतंय!" टोचत होती ती खिशातली चष्म्याची तुटकी काडी; पण ऐकतो कोण!

इकडे बाईंनी फवाऱ्याचं तोंड बदललं, नव्या चाळीस जाळ्या केल्या, साहेबांकडून "वा!" वसूल केलं आणि संध्याकाळी खुशीत घर गाठलं. दाराला कुलूप! शेजारीण धावत आली, "अहो, आजोबांना जाळी बदलायला नेलंय. तुम्हीच सांगितलंत म्हणे!"

बाई तशाच इस्पितळात. डॉक्टर हसतच म्हणाले, "आजोबा ठणठणीत आहेत. आणि जाळी तर झकास!"

"तूच म्हणालीस ना, खराब निघाली?" नवरा पुटपुटला.

"अहो, कारखान्यातली!"

खाटेभोवती हशा पिकला. बाबा उठून चपला घालू लागले. बाईंची छाती अभिमानाने फुगली. त्यांना राहवेना.

"चार वर्षं झाली, तरी बघा कशी टिकलीय! वरचं औषध तर पहिल्या काही महिन्यांतच झिरपून संपतं, तरीसुद्धा..."

"संपलं?" बाबा चपलांसकट पुन्हा आडवे!

"बाबा, ते संपायलाच हवं असतं! तोवर आतली जखम भरलेली..."

"काही सांगू नकोस!" बाबांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. "घरच्या माणसाची जाळी रिकामी, आणि तू दिवसभर परक्यांच्या भरत बसतेस?"