नऊपेक्षा बारा लहान

कॅलेंडर भिंतीवरून काढायचं मी ठरवलं तेव्हा घरातल्या कोणीही मला अडवलं नाही. पुढे जे झालं त्याचा दोष वाटून घ्यायची वेळ आली की एवढी गोष्ट लक्षात असू द्यावी.

आमचं घर मालवणपासून रिक्षानं अर्ध्या तासावर. (गावाचं नाव सांगत नाही. देव रागावणार नाही, पण बायको रागावेल.) घराच्या मागच्या अंगाला तीन खोल्या बांधून संचिता, म्हणजे माझी बायको, पर्यटकांना ठेवते आणि जेवू घालते. बुकिंगचा सगळा कारभार त्या कॅलेंडरवर चाले. तारखेभोवती गोल म्हणजे खोली गेली. अर्धा गोल म्हणजे ‘कळवतो’ म्हणालेत, कळवणार नाहीत. शेजारी मासा काढलेला असेल तर मंडळी मासे खाणारी, आणि माशावर काट असेल तर ‘रस्सा चालेल, तुकडा नको’वाली. मी मुंबईच्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो, हल्ली घरी बसूनच. दिवसभर एसक्यूएलमध्ये डेटाबेसला प्रश्न विचारतो आणि तो मुकाट्यानं उत्तरं देतो. घरात इतका मान मला दुसरं कोणी देत नाही. अशा माणसाच्या घरातलं बुकिंग कॅलेंडरवर? आणि तेही माशांच्या चित्रांत?

“मी तुका ॲप करून देतंय,” मी म्हटलं.

“कित्याक? माझा काम बरा चलता.”

“उद्या दहा खोल्या झाल्या तर?”

“तीन खोल्यांच्या चादरी धुताना कंबर मोडता. ता ॲप चादरी धुयत काय, ता आधी सांगा.”

ह्याला मी होकार समजलो.

कंपनीचा डेटाबेस घरी आणता येत नाही. तो थोरला, त्याचा संसार मोठा. म्हणून मी मोबाइलच्या पोटात मावणारा एक हलका, फुकटातला डेटाबेस घेतला. त्याला आपण धाकटा म्हणू. भाषा दोघांची एसक्यूएलच. पण सावंतवाडीची मालवणी आणि आमची मालवणी एकच आहे म्हणतात ना, त्यातला प्रकार. लग्न जमवण्यापुरती एक, भांडताना वेगळी.

थोरला शिस्तीचा. आकड्याच्या रकान्यात आकडा हवा, तारखेच्या रकान्यात तारीख, नाहीतर तो दारातूनच हाकलतो. धाकटा मात्र पक्का मालवणी. येईल त्याला ‘येवा, बसा’ म्हणतो. आकड्याच्या जागी ‘चवथीनंतर बघू’ असं लिहिलं तरी हसतमुखानं ठेवून घेतो. तारीख नावाची वेगळी चीज त्याच्याकडे नाहीच. ‘नऊ डिसेंबर’ काय आणि ‘नवरा डिसेंबर’ काय, त्याला सगळा नुसता मजकूर. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. (असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.)

पहिल्याच आठवड्यात संचितानं माणसांच्या रकान्यात मोबाइलच्या मराठी कळफलकावरून ‘१२’ लिहिलं. धाकट्याला मराठी आकडे आकडे वाटत नाहीत. त्यानं ते चित्र म्हणून ठेवून घेतलं आणि बेरजेच्या वेळी शून्य धरलं. माझे बाबा, गुरुदास, रोज पहाटे बंदरावर जाऊन मासे आणतात. ॲपनं त्यांना ‘जेवणारे: शून्य’ असं दाखवल्यावर ते कूस बदलून झोपले. दुपारी बारा माणसं पानावर बसली आणि मालवणात येऊन अळूचं फदफदं खाऊन उठली.

मी तोडगा काढला. मग कळलं, की ‘आज’ म्हटलं की धाकटा लंडनचं घड्याळ बघतो. पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्याकडे कालचाच दिवस असतो. बाबा पाचाच्या आधी उठणारे. ते आदल्या दिवशी निघून गेलेल्या मंडळींसाठी बांगडे घेऊन आले. मी त्यावरही तोडगा काढला. असे दोन तोडगे निघाले की माणसाला आपण विद्वान असल्यासारखं वाटायला लागतं, आणि त्याच भरात मी कॅलेंडर काढून माळ्यावर टाकलं.

आणि त्याच वर्षी गावपळण आली.

दर काही वर्षांनी आमच्याकडे ही असते. देवाचा कौल मिळाला की ढोल वाजतो आणि अख्खा गाव, गुरंढोरं, कोंबड्या, मांजरं घेऊन तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. ओढ्यापलीकडे झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात, तिथेच चुली, तिथेच भजन. तेवढे दिवस गाव देवाचा, आत चिटपाखरू राहता कामा नये. आणि सगळ्यात शेवटी गावातून फेरी मारून ‘म्हाराजा, गावात कोण उरलो नाय’ असं देवाला सांगायचा मान आमच्या घराचा. पणजोबांनी सांगितलं, आजोबांनी सांगितलं, ह्या खेपेला बाबा सांगणार होते. बाबांनी त्यासाठी नवं धोतर आणलं होतं.

कौल मिळाला, नऊ डिसेंबर ते बारा डिसेंबर.

“त्या तारखा बंद करा हां,” संचिता म्हणाली. “कॅलेंडर असता तर मी काटच मारलंय असतंय.”

मी लगेच बंद केल्या. नऊ आणि बारा ह्यांच्या मधली कुठलीही तारीख मागितली की स्क्रीन लाल, एरवी हिरवी. नोव्हेंबरात खोल्यांना रंग दिला तेव्हा तीन ते पाच तारीख अशीच बंद केली होती आणि ते चोख चाललं होतं, म्हणून पुन्हा तपासून बघायची मला गरज वाटली नाही.

दोन दिवसांनी संचिता कट्टा गावच्या बाजाराला गेली होती आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. एका कानात साहेब, दुसऱ्या कानात सांगलीचे शंकरराव. बँकेतून निवृत्त झालेले, आवाज अजून काउंटरवरचा.

“दहा डिसेंबर. आठ जण. सगळे मासे खाणारे. जमेल का?”

मी दहा डिसेंबर टाकली. हिरवी.

“येवा!” मी म्हटलं.

आता तुम्ही विचाराल, तुला गावपळण ठाऊक नव्हती का? मीच तर ती भरली होती. पण स्क्रीन हिरवी होती, आणि आमच्या धंद्यात हिरव्याशी कोणी वाद घालत नाही.

नऊ तारखेला गाव रिकामा झाला. बाबांनी नवं धोतर नेसून फेरी मारली, देवळासमोर उभं राहून खणखणीत आवाजात ‘कोण उरलो नाय’ सांगितलं आणि ओढ्यावरचा साकव ओलांडून शेवटचे बाहेर आले. लोकांनी त्यांच्यासाठी वाट करून दिली. बाबांची मान इतकी ताठ मी कधी बघितली नव्हती.

दहा तारखेला सकाळी खोपीबाहेर बसून मी घावणे खात होतो, तेवढ्यात फोन आला.

“मितेशराव, आम्ही पोचलो. गाडी मागच्या रस्त्यानं सोडून परत गेली. दाराला कुलूप आहे.”

“कुठल्या दाराला?”

“तुमच्या! पाटी आहे, तुळस आहे, माणूस नाही. सगळ्या रस्त्यात कुत्रंसुद्धा नाही हो! झालंय काय? साथ?”

“नाही.”

“वाघ?”

“नाही. देव.”

शंकररावांनी बॅग टेकवल्याचा आवाज आला. “मग बसतो इथेच पडवीत. देवाचं आटपू दे.”

“बसू नका!” मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या खोपीतल्या कोंबड्या उडाल्या. “अंगणातून बाहेर पडा! कशाला हात लावू नका! सरळ ओढ्याकडे या!”

मला त्यांना आणायला जाता येत नव्हतं, कारण वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही. ती आठ माणसं चाकांच्या बॅगा खडखडवत निर्मनुष्य गावातून चालत आली. तो खडखडाट वाऱ्यावर आमच्यापर्यंत येत होता. एकेक खोपीतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. साकवाच्या तोंडाशी गावकर बाबलीकाका उभे होते. देवाशी बोलायचं काम त्यांचं, त्यामुळे माणसांशी ते फार गोड बोलत नाहीत.

“हे खंयसून इले?”

“गावातून,” शंकरराव घाम पुसत म्हणाले. “छान आहे हो गाव. शांत.”

बाबलीकाकांनी बाबांकडे बघितलं. “गुरुदासानू, तुमी तर सांगलास, कोण उरलो नाय म्हणान.”

बाबा माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत. “माका देवासमोर खोटो पाडलंस,” एवढंच म्हणाले आणि खोपीत जाऊन बसले. मला मनापासून वाईट वाटलं. थोरला असता तर त्यानं एरर तरी दिली असती, बाबांनी तीही दिली नाही.

“ह्या कसा झाला?” बाबलीकाकांनी मला विचारलं.

तोवर मी मोबाइलमध्ये डोकं घालून कारण शोधलं होतं, आणि शोधल्याचा मला (लाज वाटते सांगायला) थोडा आनंदही झाला होता. “काका, धाकट्याच्या हिशेबी नऊपेक्षा बारा लहान.”

“कोणाच्या धाकट्याच्या?”

“डेटाबेसच्या. तेका तारीख कळत नाय. तो नुसता पयला अक्षर बघता. नवाचो नऊ, बारातलो एक. एक ल्हान. म्हणजे नवाच्या फुडे आणि बाराच्या आधी अशी तारीखच खंय नाय. म्हणान तेना कोणाकच अडवल्यान नाय!”

काकांनी मान डोलावली. त्यांना पटलं असं मला वाटलं.

“आणि तू?”

“मी काय?”

“बारा मोठे, ता तुका म्हायत होता मा?”

“होय.”

“मगे तू कित्याक नाय अडवलंस?”

ह्या प्रश्नाचं उत्तर एसक्यूएलमध्ये नाही. थोरल्याच्याही नाही.

“झाला ता झाला,” काका म्हणाले. “पावणे आता भायर इले, तेंका जेवूक घाला. पण परतीचो कौल देवान दिल्यान नाय, तर ह्याच्यामुळे दिल्यान नाय म्हणान समजा.” आणि ‘ह्याच्यामुळे’ म्हणताना त्यांनी सगळ्यांना दिसेल असं बोट माझ्याकडे केलं.

आमची खोप पाहुण्यांना दिली. संचितानं तीन दगडांच्या चुलीवर बांगड्याचं तिखलं केलं. शंकररावांनी बोटं चाटली, संध्याकाळी भजनाला बसले, आणि देवाला गाऱ्हाणं घालताना सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात ते शिकून घेतलं. पुढे मीठ मागितलं तरी ते ‘होय म्हाराजा’ म्हणायला लागले. पाहुणे खूश, गाव खूश, संचिता तर माझ्याशीही अधूनमधून बोलत होती. (मी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी झोपत होतो. बाबा बोलत नव्हते.)

तिथे बसून मी धाकट्याच्या सगळ्या तारखा सुधारल्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि एकेरी आकड्याच्या पुढे शून्य. अशा लिहिल्या की अक्षरं बघूनही क्रम बरोबर लागतो. ते करताना असंही दिसलं, की रंगाच्या वेळी ‘तीन ते पाच’ बंद म्हणताना त्यानं तीस तारखेच्या लोकांनाही परत पाठवलं होतं, कारण तीसमध्येही आधी तीनच येतो. हे मी संचिताला अजून सांगितलेलं नाही. (आता तिला कळेल.)

बारा तारखेला सकाळी मी धाकट्याला विचारलं. उत्तर चोख आलं, गावपळण आज संपते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो बरोबर बोलला होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, “शंकरराव, बॅगा भरा! संध्याकाळी गरम पाण्यानं आंघोळ!”

तासाभरानं बाबलीकाका कौल घेऊन परत आले. (कौल लावायला तेवढे एकटे आत जातात.) देवाला चिकटवलेली फुलाची पाकळी डावीकडे पडली होती. देव नाही म्हणाला होता, आणखी एक रात्र बाहेरच.

सगळा गाव माझ्याकडे बघत होता. माझ्या हातात मोबाइल होता आणि मोबाइल हिरवागार होता.

“तुमच्या त्या धाकट्यात,” संचितानं हळूच विचारलं, “देवासाठी रकानो ठेवलास काय?”

मी मोबाइल खिशात घातला.

“होय म्हाराजा! एक रात्र जास्त!” शंकरराव पलीकडून ओरडले. त्यांचं काय जातं?

दुसऱ्या दिवशी कौल उजवा मिळाला. ढोल वाजला, माणसं, गुरं, कोंबड्या आणि आठ सांगलीकर साकव ओलांडून गावात शिरले. घरी जायच्या आधी सगळे देवळासमोर जमले. बाबलीकाकांनी मला पुढे बोलावून देवासमोर उभं केलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां आज सुखान परत इली!”

“होय म्हाराजा!”

“गुरुदासान तुका खरा तेच सांगलेला. चुकी तेची नाय, तेच्या ह्या झिलाची आसा. ती पोटात घाल रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” ह्या वेळी बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मला बरं वाटलं. तीन दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

“तेच्या मोबायलाक नऊ-बारा समजत नाय, तेका शिकव रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” हा शंकररावांचा. मागून संचिताचाही.

काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

“आणि मोबायलाक शिकवन झाल्यावर येळ उरलो, तर ह्याका पण थोडी अक्कल दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” गाव गरजला. आणि लहानपणापासूनची सवय, हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते, त्या सगळ्यांबरोबर मीही मनापासून ओरडलो.