हरणासाठी वेगळं, टर्कीसाठी वेगळं

बायको ज्या क्लबात जाते त्याच क्लबात आपणही नाव घालावं, असं मी एका शनिवारी सकाळी ठरवलं. तिला सांगितलं की पोट कमी करायचंय. पोटाचा संबंध होताच, पण निराळा. माझ्या पोटात दुखत होतं.

त्याचं असं झालं. आम्हाला इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत येऊन वर्ष होत आलं होतं. मी ऑफिसात मोटारींच्या सुट्या भागांचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचो (बिघडवायचोही मीच). आणि पुण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात एकटीने चार माणसांचं काम उपसणारी माझी बायको अक्षया घरी बसून खिडकीतून पाऊस बघायची. मग लायब्ररीत तिला आर्चरी क्लबाचं, म्हणजे तिरंदाजीच्या क्लबाचं पत्रक दिसलं. पहिल्या दिवशी परत आली ती डाव्या हातावर लांबलचक जांभळा वळ घेऊन. चेहरा मात्र असा, की जणू कोणी शाल-श्रीफळ देऊन पाठवलंय.

"दोरी लागली," ती म्हणाली. "आता नाही लागणार. परीक्षितने कोपर कसा फिरवायचा ते दाखवलं."

"कोणाचा कोपर?"

"माझा."

"दाखवला म्हणजे कसा?"

"अरे, हाताने फिरवून."

"कोणाच्या हाताने?"

"मुरली, वरण उतू चाललंय. बघ जरा."

मी बघितलं. वरण उतू गेलं होतं. (मीही.)

हा परीक्षित जन्माने लंडनजवळच्या पिनरचा, धंद्याने फिजिओथेरपिस्ट आणि हौसेने क्लबाचा कोच. उंच, सडपातळ. आईवडिलांकडून मराठी शिकला होता, पण त्याच्या मराठीत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकमेकांच्या गळ्यात हात घालून वाटेल तिकडे हिंडत. अक्षयाला ते भारी आवडायचं. "किती गोड बोलतो ना?" म्हणायची. लग्नापासून मी घरात व्याकरणशुद्ध मराठी बोलतोय. मला कोणी गोड म्हटलेलं नाही.

तर मी नाव घातलं. क्लबाच्या मैदानावर परीक्षित हसतमुखाने पुढे आला आणि वाकून म्हणाला, "नमस्कार, मुरलीकाका!"

काका! माझ्यापेक्षा तो फार तर पाच वर्षांनी लहान असेल. आणि लगेच वळून, "हाय, अक्षया." म्हणजे मी काका आणि ती नुसती अक्षया. नात्याच्या या हिशेबाने माझा रक्तदाब तिथेच वाढला.

माझ्या हाती नवशिक्यांचं हलकं धनुष्य दिलं. मी दोरी ओढली आणि ओढूनच राहिलो. परीक्षित मागून म्हणाला, "काका, तुमची खांदा वर जातो. आणि तुम्ही खूप घट्ट धरता. अक्षया बघा, किती छान सोडतो. You have to let go, काका. सोडायला शिका."

आता, नवऱ्याच्या बायकोकडे बोट दाखवून नवऱ्याला कोणी असं सांगतं का? मी सोडलं. बाण शेजारच्या टार्गेटला लागला. तिथल्या बाईंनी थँक यू म्हटलं.

ऑक्टोबर उजाडला. चहाच्या वेळी परीक्षित अक्षयाला म्हणाला, "रविवारी जंगलात जाऊ. एक मोठा हरीण आहे, नवीन. आणि टर्की. टर्की मारायला कठीण, छोटी आहे ना."

"मी हरीण मारणारच!" अक्षया टाळी वाजवून म्हणाली.

माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं. ही बाई अंडं घातलेला केक खात नाही. घरात कोळी निघाला तर खुर्चीवर चढून मला हाक मारते, आणि वर "मारू नकोस हं, बाहेर सोड" म्हणते. आणि हिने त्या माणसाबरोबर शिकारीला जावं? घरी येताना गाडीत मी शक्य तितक्या सहज विचारलं, "आणि मारलेल्या टर्कीचं काय करतात?"

"काय करणार? तिथेच ठेवायची. मागून दुसरे येतात ना, त्यांनाही मारायची असते."

"तीच?"

"मग? आपले बाण तेवढे काढून घ्यायचे."

संगत माणसाला कुठवर नेते, ते मला त्या दिवशी कळलं. (विचारायला हवं होतं, हे मलाही आता कळतं. पण जळणाऱ्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत, फक्त उत्तरं सुचतात.) माझं उत्तर ठरलं होतं. हरीण पडणारच असेल, तर ते माझ्या बाणाने पडेल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी इंटरनेटवर अमेरिकन शिकाऱ्यांचा एक फोरम गाठला. तिथे समजलं की क्लबात आपण वापरतो ती बाणाची बोथट टोकं म्हणजे पोरखेळ. खऱ्या शिकारीला ब्रॉडहेड लागतं. ब्रॉडहेड म्हणजे ब्लेडसारखी पाती असलेलं टोक. पण कुठलं घ्यायचं? यावर ती मंडळी जी भांडत होती, तसं आपल्याकडे मिसळीच्या रश्श्यावरूनही कोणी भांडत नाही. एका पक्षाचं म्हणणं, पाती कायमची उघडी असलेलं घ्या. साधं, भरवशाचं, हाडातूनही जातं. दुसरा पक्ष म्हणे, मिटलेल्या पात्यांचं घ्या. हवेत सरळ जातं आणि लागल्यावर छत्रीसारखं उघडतं. शिवाय हरणाचं शास्त्र वेगळं, टर्कीचं वेगळं.

मी माझा प्रश्न मांडला. विस्कॉन्सिनच्या एका सज्जन गृहस्थाने कळकळीने उत्तर दिलं: तुझं धनुष्य हलकं आहे, तर हरणासाठी उघड्या दोन पात्यांचंच घे, मिटलेलं उघडायला लागणारा जोर तुझ्यात नाही. (हे त्याला तिकडे बसून कसं कळलं?) टर्कीसाठी मात्र हट्टच असेल तर रुंद उघडणारं घेऊन बघ, कारण टर्की म्हणजे नुसती पिसं, नेमकी जागा एवढीशी. मग त्याने विचारलं, बरोबर कोण आहे? मी लिहिलं, बायको आणि बायकोचा मित्र. बराच वेळ त्याच्याकडून काही आलं नाही. मग आलं, "मित्रा, बाण सोडण्याआधी दीर्घ श्वास घे."

मी दोन्ही जातींची मागवली. पार्सल आलं ते पाठीमागच्या शेडमध्ये लपवलं. परीक्षितला सुगावा लागला तर तोही मागवेल, ही भीती. स्वयंपाकघरातल्या एका टोमॅटोवर पात्याची धार पाहिली. टोमॅटोला कापल्याचं कळलंही नाही.

रविवारी झिमझिम पावसात आम्ही त्या जंगलात पोचलो. क्लबाच्या अध्यक्षा हिलरीबाईंनी सगळ्यांचं सामान तपासलं. मी साळसूदपणे बोथट बाण दाखवले. ब्रॉडहेडची डबी रेनकोटच्या आतल्या खिशात होती. बाई सूचना देत होत्या, पण माझं लक्ष अक्षयाच्या टोपीवरचं पान काढणाऱ्या परीक्षितकडे होतं. त्यामुळे सूचना माझ्या वाट्याला आल्याच नाहीत.

आमची पाळी आली. ओल्या नेच्याच्या झुडपांत, एका ओकच्या झाडाखाली ते उभं होतं. तपकिरी, डौलदार, मान किंचित वळवलेलं. सगळे कुजबुजत बोलत होते, त्यामुळे मीही श्वास रोखला.

"काका पहिली," परीक्षित हळूच म्हणाला.

मी झाडाआड जाऊन डबी काढली, बोथट टोक काढून हरणाचं ब्रॉडहेड फिरवून बसवलं, दीर्घ श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा सोडलं. मनापासून सोडलं. बाण गेला आणि सपकन हरणाच्या मानेत घुसला.

हरीण हललं नाही.

"गेलं?" मी पुटपुटलो. आता खरं सांगतो, मला भयंकर वाईट वाटलं. काय बिघडवलं होतं त्याने माझं? "अक्षया, ते... उभ्याउभ्या गेलं गं."

"कोण गेलं?"

"हरीण!"

अक्षयाने माझ्याकडे बघितलं, हरणाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग ती ओल्या पानांवर फतकल मारून बसली आणि पोट धरून हसू लागली. "फोमचं आहे रे ते! मुरली, फोमचं!"

"काका," परीक्षित घाबऱ्या आवाजात म्हणाला, "या देशात धनुष्याने शिकार कोणीच करत नाही. It's illegal. तुम्हाला खरंच वाटला?"

पण तोवर तो हरणाजवळ पोचला होता आणि त्याचा चेहरा बदलला होता. "काका, बाणाला काय लावलंय? ब्रॉडहेड? ते इथे allowed नाही! फोम फाटते. थांबा, मी मागून कापून काढतो."

आता मी त्याला काढू दिलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण माझा बाण त्याने काढायचा? बायकोसमोर? मी हरणाच्या छातीवर पाय रोवला, दोन्ही हातांनी बाण धरला आणि ओढला. पाती आत आडवी फिरली. चर्रर्र असा आवाज झाला आणि मी उताणा खाजऱ्या नेटलच्या झुडपात पडलो. छातीशी बाण होता. आणि बाणाला हरणाचं डोकं.

नेमक्या त्याच वेळी मागचा गट येऊन पोचला. पुढे हिलरीबाई, हातात थर्मास. त्यांनी डोकं नसलेलं हरीण पाहिलं. मग नेटलमध्ये हरणाचं मुंडकं कवटाळून पडलेला मी पाहिला.

"Oh, Dorothy," त्या एवढंच म्हणाल्या.

क्लबाने हौसेने आणलेलं ते नवं हरीण. त्याचं त्या दिवशी उद्घाटन होतं. बारसंही झालं होतं.

"अजून आहेत का तुमच्याकडे?" बाईंनी थंडपणे विचारलं. मी गडबडीने टर्कीचं काढून दाखवायला गेलो. विस्कॉन्सिनवाल्याचं म्हणणं होतं की ते उघडायचा जोर माझ्यात नाही. होता. ते माझ्या बोटातच उघडलं.

मग परीक्षितने माझा हात हातात घेतला. जखम धुतली, पट्टी लावली, आणि जाताजाता माझा कोपर धरून अलगद बाहेर फिरवला. "काका, हा इथे stiff आहे. म्हणून तुमचा दोरी लागते. माझ्याकडे रोज वीस कोपर येतात, तुमच्यासारखा कोपर नाही बघितली." इतक्या मायेने माझ्या कोपराबद्दल कोणी बोललं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. आणि थोडं, खोटं कशाला सांगू, गोडही वाटलं.

परतताना गाडीत अक्षयाने विचारलं,

"तुला वाटलं मी हरीण मारायला निघालेय?"

"परीक्षितसाठी," मी म्हणालो.

"त्याच्यासाठी? अरे, पहिल्या दिवशी त्याने मला अक्षयाकाकू म्हटलं! मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा काकू म्हणालास तर बाण तुझ्यावर सोडेन. तेव्हापासून घाबरून नुसतं नाव घेतो." मग वायपरकडे बघत हळूच म्हणाली, "मला इथे येऊन पहिल्यांदा काहीतरी जमत होतं, मुरली. तू ते बघायला आलायस, असं वाटलं होतं मला."

मी म्हटलं, "सॉरी." ती म्हणाली, "सिग्नल हिरवा झालाय."

हरीण नीट जोडून परत आणायचं, असा क्लबाचा निकाल झाला. म्हणून डोरोथी सध्या आमच्या दिवाणखान्यात हीटरपाशी उभी आहे. अक्षया रोज तिच्या मानेला फोमचा गोंद लावते, कपाळावरून हात फिरवते, "दुखतंय का गं?" विचारते. मला बोटाबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही. परीक्षितचं ठीक होतं, माणूस तरी होता. आता मी फोमवर जळतो.

काल पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. मी गोंद वाळेपर्यंत डोरोथीचं मुंडकं दाबून धरलं होतं, म्हणून अक्षयाने फोन स्पीकरवर टाकला होता. सगळी हकीकत त्यांना आधीच कळलेली.

"काय गं," सासूबाईंनी विचारलं, "आलं का डोकं ठिकाणावर?"

अक्षयाने वाकून नीट पाहिलं.

"हरणाचं आलं, आई."