औंदा गहू भरला नाही

दामिनीने सगळ्यात आधी पेपर बंद केला. मग दूध निम्म्यावर आलं, कार विकली गेली, आणि तिचा नवरा किशोर नांदगाव पेठच्या कारखान्यात ऑटोने जाऊ लागला. हा सगळा खटाटोप कॅनडासाठी होता. व्हिसाच्या अर्जासोबत बँकेत घसघशीत शिल्लक दाखवावी लागते, आणि या दोघांची शिल्लक तशी नव्हती.

कॉलनीत मात्र कुणाला सांगायचं नाही, हे पक्कं होतं. दोन वर्षांपूर्वी नुसता अर्ज केला तेव्हाच किशोरने पेढे वाटले होते. अमरावतीतल्या त्या कॉलनीने गणपतीच्या मांडवात त्याचा सत्कार केला, शेजारच्या खुशालरावांनी भाषण ठोकलं, आणि तीन आठवड्यांनी अर्ज नामंजूर झाला. पुढे वर्षभर जिथे जावं तिथे एकच प्रश्न, "काहून भाऊ, कॅनडातून कवा आले?" किशोरने सलूनसुद्धा बदललं. आता पुन्हा हसं झालं तर या गावात तोंड दाखवणार नाही, असं तो म्हणायचा, आणि ते थट्टेत म्हणत नव्हता.

एप्रिलपर्यंत सगळं ठीक चाललं. मग गल्लीत गव्हाची गाडी आली. वर्षाचा गहू याच दिवसांत भरतात. दारोदार पोती उतरतात, आणि कुणाकडे किती उतरली हे बिनबोभाट सगळ्यांना कळतं. दामिनीच्या दारात एकही उतरलं नाही. जिथे वर्षभर राहायचं नाही तिथे वर्षाचा गहू कशाला, असा तिचा सरळ विचार होता.

"गहू नाही घेतला वं औंदा?" खुशालरावांच्या बायकोने, पार्वताबाईंनी, कुंपणावरून विचारलं.

"लागन तसा पाच-पाच किलो आणू काकू."

"अन् पापड?"

"पापडही नाही करत."

यावर पार्वताबाई काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर, हे कॉलनीत लहान पोरालाही ठाऊक होतं.

महिनाअखेर दामिनीने कामवाल्या पंचफुलाला यायला नको म्हणून सांगितलं. पंचफुला दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी हजर झाली.

"तुले नको म्हटलं होतं ना?"

"राहू द्या ताई. सायबाची नोकरी गेली म्हणून मी काय तोंड फिरवू? पैसे येतीन तवा द्या."

"अवं, नोकरी गेली म्हणते कोण?"

"माह्यापाशी नका लपवू," असं म्हणून ती भांड्यांना बसली.

किशोर रोज सकाळी डबा घेऊन निघतो तो नवी नोकरी शोधायला, हे कॉलनीने आपसात ठरवूनही टाकलं होतं. त्या संध्याकाळी पार्वताबाईंकडून पाटोडीचा रस्सा आला. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरून वांग्याची भाजी आली. रविवारी खुशालराव हमालाला घेऊन आले आणि गव्हाचं पोतं उतरवून, वर पाहायचंही टाळून निघून गेले. मागोमाग तूरडाळ, तिखट आणि तीन घरचे पापड. लग्न झाल्यापासून दामिनीच्या घरात एवढा भरणा कधी झाला नव्हता.

"खरं सांगून टाकू का?" किशोर म्हणाला. "मले घास उतरून नाही राहिला."

"सांग ना. अन् व्हिसा नाही आला तं?"

किशोरने रस्सा संपवला.

ऑगस्टात खुशालराव पुन्हा आले. आयुष्यभर एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळे त्यांचं बोलणं सूचना दिल्यासारखंच असे. "अकोल्याले माह्या साडूची दालमिल हाय. सुपरवायजर पायजे त्याले. मी बोललो, परवा जाजो."

"काका, पण मले..."

"लाज कायची?"

किशोरने असलेल्या नोकरीवर रजा टाकली आणि नको असलेल्या नोकरीसाठी अकोल्याची बस धरली. मुलाखत बिघडवायची असं त्याने ठरवलं होतं. दालमिलचे मालक धर्मेंद्रभाऊ यांनी विचारलं, "दाळीचा अनुभव?"

"अजिबात नाही."

"ह्या लाइनमंदी जमन असं वाटते?"

"वाटत नाही."

"मले असाच खरं बोलणारा माणूस पायजे होता," धर्मेंद्रभाऊ म्हणाले. "सोमवारपासून या."

परतीच्या बसमध्ये, मूर्तिजापूरपाशी, मोबाईलवर व्हिसा मंजूर झाल्याचं पत्र आलं. किशोर स्टँडवरून थेट खुशालरावांकडे गेला आणि पहिल्यापासून सगळं सांगून मोकळा झाला. खुशालरावांनी चष्मा लावून पत्र वाचलं आणि मोबाईल परत दिला.

"माह्या भाच्याले याच्यावरच लॉटरी लागली होती."

"काका, खरंच आलं हे."

"अकोल्याचं काम नको असन तं नको म्हण बाप्पा. मंधात कॅनडा कायले आणतं?"

पार्वताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पुढच्या महिनाभरात किशोरने चार घरी सांगून पाहिलं. कुणी हसलं नाही. सगळे त्याला बसायला लावून पाणी देत. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "पुण्याले नोकरी भेटली." तेव्हा कुठे कॉलनीचा जीव भांड्यात पडला.

दिवाळीनंतर ते निघाले तेव्हा दारात सगळी कॉलनी जमली होती. पंचफुलाने प्रवासाचा डबा दिला. खुशालरावांनी किशोरच्या खिशात एक पाकीट कोंबलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "नाही जमलं तं परत येजो. कोणी हसत नाही. मी हावो ना."

किशोरला रडू आवरेना. ज्या माणसांच्या हसण्याला तो दोन वर्षं भीत होता, त्यांनी महिनोन्‌महिने त्याला सांभाळलं होतं, आणि त्यांना तो धडधडीत खोटं सांगून चालला होता. ऑटो नाक्यावरून वळेपर्यंत तो मागे पाहत राहिला.

जानेवारीत एका सकाळी व्हॉट्सअॅपवर खुशालरावांचा फोन आला.

"बरं चाललं ना? थंडी पडली म्हणते पुण्यात."

किशोरने खिडकीतून पाहिलं. शेजारचा माणूस फावडं घेऊन बर्फात स्वतःची गाडी शोधत होता.

"पडली काका. बरीच पडली."

"चालते. आमी स्वेटर घेतलेच हायेत. मंगळवारच्या गाडीचं दोघांचं तिकीट काढलं. तू फक्त स्टेशनवर घ्यायले येजो."

किशोरने फोन दामिनीच्या हातात दिला.