कृष्णोजीरावांचा ढीग

कृष्णोजीराव रोज सकाळी दात घासायच्या आधी लाकडाच्या ढिगात लोखंडी सळई खुपसतात, मनातल्या मनात शंभर मोजतात, सळई ओढून गालाला लावतात आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरसारखे म्हणतात, "आहे, आहे."

आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. अलीकडे आमचं स्वयंपाकघर, त्यात गॅसचं सिलिंडर. पलीकडे त्यांच्या अंगणात तो ढीग, साडेसहा फूट उंच, चौदा फूट लांब. मी टेप लावून मोजला होता.

कृष्णोजीरावांचा धंदा झाडं उतरवायचा. म्हैसुरात कुणाच्या छपरावर फांदी झुकली की त्यांना बोलावणं येतं. बुंधे सॉ मिलवाले नेतात. डहाळ्यांचा कृष्णोजीराव यंत्रात घालून चुरा करतात, आणि तो कुणाला द्यायचा हा प्रश्न उरतो. ओला चुरा पाल्यासकट रचून ठेवला की आतून तापतो. पौषातल्या थंडीत त्यातून वाफ निघायची. एका पहाटे त्या वाफेला जळका वास आला. तेव्हापासून आमच्या ओट्याखाली पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या असत, आणि बायको फोडणी देतानाही नजर भिंतीवर ठेवी.

शेवटी चुऱ्याला गिऱ्हाईक मीच शोधू लागलो. वरुण्याचा एक गोठेवाला गाईंखाली पसरायला चुरा मागत होता. कृष्णोजीरावांनी त्याची उलटतपासणी घेतली.

"गाई कुठल्या? जर्सी? बेड स्वामी, बेड. जर्सीला हे टोचंल." बेड म्हणजे नको.

बैलकुप्प्याच्या एका तिबेटी मठातून चुलीसाठी विचारणा आली. "भिक्षू लोक शांत बसत्यात. हे चुलीत तडतडतंय. त्यांचं ध्यान मोडलं तर पाप कुणाला?" रोपवाटिकेवाल्याचे तर नुसते बूट त्यांना आवडले नाहीत.

"अहो, पेटेल एखाद्या दिवशी!" मी ओरडलो.

"स्वल्प थांबा स्वामी. मी रोज बघतोय की."

"गालानं बघता! आग काय तुमच्या गालाला विचारून लागणार आहे?"

"तुमी आकडेवाले. तुमाला सगळं कालच पायजे."

मग मी सरगूरचा एक आल्याची शेती करणारा शेतकरी गाठला. वाफ्यांवर पसरायला त्याला मिळेल तेवढा चुरा हवा होता. लॉरी रविवारची ठरली. कृष्णोजीरावांना मी स्पष्ट सांगितलं, "रविवारी ढीग हलला नाही, तर सोमवारी मी महापालिकेत तक्रार देतो. मग धंद्याचं काय ते तुम्ही बघा." त्यांनी सळई उचलली आणि पुन्हा ढिगात खुपसली.

रविवारी हमाल चुरा भरू लागले. ढीग अर्ध्यावर आला तशा कृष्णोजीरावांच्या येरझाऱ्या वाढल्या. मग एकदम त्यांनी फावडं हिसकावलं, मधला वाफाळता चुरा पोत्यात कोंबला आणि पोतं उराशी धरून घरात पळाले.

"यजमानच चोरी करायला लागले!" ड्रायव्हर हसला. मला संताप आला. मी त्यांच्यामागे थेट उंबऱ्यापर्यंत गेलो.

आत वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलंय एवढं कानावर होतं. त्यांचे पाय मोठ्या घंगाळात, गुडघ्यांपर्यंत लाकडाच्या चुऱ्यात पुरलेले. कृष्णोजीराव निवलेला चुरा ओंजळीनं काढत होते आणि नवा घालत होते. प्रत्येक ओंजळ आधी स्वतःच्या गालाला लावून.

"जरा जास्तच घाला आज," वहिनी म्हणाल्या. "उद्यापासून नाही न्हवं?"

मी दारात दिसताच त्यांनी पदर पायांवर ओढला.

"गरम पाण्याची पिशवी का नाही घेत?" मी विचारलं.

"ती लगेच निवतीय," कृष्णोजीराव मान वर न करता म्हणाले. "ह्यानं डोळा लागतोय तिचा."

"मग सांगायचं नाही का?"

"ती म्हणाली, कचऱ्यात बसतीय म्हणून लोक हसतील."

मी बाहेर येऊन हमालांना थांबवलं. उरलेला चुरा भिंतीपासून लांब, त्यांच्या पेरूखाली रचायला लावला. कमरेएवढाच. एवढा ढीग आतून उबदार राहतो, पण पेटत नाही. ड्रायव्हर कुरकुरू लागला. भाडं भरल्या लॉरीचं ठरलं होतं, शेतकरी त्याचे पैसे कापणार होता. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी त्याच्या हातावर चारशे रुपये ठेवले, कमी माल नेल्याबद्दल.