गोंदजी मूळपुरुषाची इर्जिक

श्री काळी आई साक्ष, पांढरी आई पाठीशी. शके सोळाशे सत्तावन्न, राक्षसनाम संवत्सरी, एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहिले असे. लिहिणाराचे नाव पुसू नये, गावाचेही पुसू नये. राज्य मोठे, राजा थोर, आणि कारकून राजाहून थोर. त्या कारकुनांचे मनी आले की गावोगावचे पाटील पिढ्यान् पिढ्या वतने खातात, ती कोणत्या पुण्याईवर खातात हे एकदा पाहावे. मग हुकूम सुटला की प्रत्येक पाटलाने गोतसभेत उभे राहून घराण्याची हकीकत सांगावी, मूळपुरुष कोठून आला, रान कैसे मोडिले, आणि अखेर कोणत्या मातीत गेला. न सांगेल त्याचे वतन जप्त, आणि बायकामाणसांनी त्याच दिवशी घर सोडावे.

हुकूम हैबती पाटलास पोहोचला आणि तो पेचात पडला. त्याचा मूळपुरुष गोंदजी पाटील कोठून आला हे पोरेही सांगत, रान मोडिले तेही सांगत, परंतु तो मेला कोठे हे घरात कोणी काढीत नसे. आणि त्या घरची एक रीत चमत्कारिक होती. ते कोणाच्या इर्जिकीस जात नसत आणि कोणास बोलावीत नसत. इर्जिक म्हणजे दहाजणांनी आपापली औते आणून एकाचे रान नांगरून द्यावे, मजुरी न घेता पोटभर जेवावे, आणि पुढे त्यांनी हाक मारिली म्हणजे यानेही जावे. साऱ्या गावात हे चालत असता पाटील तेवढा अंग चोरून बसे, म्हणून लोक त्यास पाठीमागे चिक्कू म्हणत. त्याची बायको सगुणाबाई जिभेची तिखट आणि मनाची मऊ होती. ती हसून पुसे की एवढे बैल पोसता ते काय ओवाळायला? हैबती म्हणे की वडिलांनी घालून दिले आहे, आणि विषय तेथेच राही.

मग हैबतीने हेळवी बोलाविला. हेळवी म्हणजे बैलावर बसून दारोदार पिढ्या म्हणणारा. तो अंगणात बैलावरूनच म्हणू लागला, ते ऐसे. गोंदजी आणि त्याची बायको भिवराई एक बैलजोडी घेऊन या जागी आली, तेव्हा येथील जुने गाव बेचिराग होते. साथीत सारी माणसे मेली होती आणि दिवा लावावयास कोणी उरले नव्हते. जमीन दगडासारखी, पाऊस तोंडावर, औत एक. गोंदजी रीतीचा माणूस. आपल्या मुलखी पहिल्या नांगरटीस बांधावर उभे राहून इर्जिकीची हाक देत, म्हणून त्यानेही दिली, चारी दिशांस तोंड करून दिली. भिवराई हसली की येथे कोण येणार, कोल्हे? तरी तिनेही रीत म्हणून मोठे आधण ठेविले. आणि दुसरे दिवशी भर दुपारी औते आली. एकामागे एक ऐशी फौजच्या फौज उतरली, खांद्यावर आसूड, मुखी शब्द नाही. बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळा हालत होत्या पण वाजत नव्हत्या, आणि एवढी ढेकळे उलटत असता धुळीचा कण उडत नव्हता. तिसरे प्रहरी अवघे रान मोडून दिले. भिवराईने वाढिले, सर्व पंगतीस बसले, आणि उठले तेव्हा अन्न वाढिले तैसेचे तैसे होते. निघताना त्यांतील वडील पुरुष बोलिला, “गोंदजी, आता आमी हाक मारू तवा तू ये.” गोंदजीने होय म्हटले. ज्यांनी रान मोडून दिले त्यांस नाही कैसे म्हणावे? पुढे गाव वसले, लेकरे जाहली, आणि म्हातारपणी एका अक्षयतृतीयेस भर दुपारी वरल्या रानातून हाक आली. गोंदजीने बैल जुंपले आणि गेला.

हैबतीने विचारिले की मग मेला कोठे? हेळवी म्हणाला, “मेला असं माझ्या बापानं मला सांगितलं न्हाई. मी कसं सांगू?” आणि सूपभर जोंधळे घेऊन चालता जाहला.

मग हैबतीस आठवले की दर अक्षयतृतीयेस वरल्या रानात नांगराचे एक ताजे तास उमटलेले असे, आणि त्याचा बाप बहिरजी ते गुपचूप बुजवून टाकी. गोतसभा अक्षयतृतीयेचे दुसरे दिवशी होती. तेव्हा हैबतीने सणाची पितरांची घागर भरिली, आणि दुपारी एकटाच वरल्या रानात गेला. तेथे एक म्हातारा औत हाकीत होता. बैलांच्या घुंगुरमाळा हालत होत्या आणि रानात चिटपाखराचा आवाज नव्हता. म्हातारा तासाच्या शेवटी थांबला आणि म्हणाला, “आली तेवढ्या औतांची पाळी फेडायची हाय. एकट्यानं सरत न्हाई. माझ्या घरचा कुणी असंल तर नांगराचं रुमणं धरायला पायजे. तू कोण?”

हैबतीस भय वाटले. घरी सगुणा आहे, भरले घर आहे, हे सर्व डोळ्यांपुढे आले, आणि तो बोलून गेला, “मी वाटसरू.”

म्हातारा म्हणाला, “बरं. मग जा बाबा वाटंनं.”

हैबती धापा टाकीत घरी आला, तो दारचा कुत्रा अंगावर धावला. सगुणाबाईने पदर पुढे ओढून पुसिले की पाहुणे कोठले? त्यास वाटले थट्टा करिते. तिने ओंजळीत वरून पाणी घातले, ओट्यावर भाकरी दिली आणि दार लावून घेतले. शेजारी गेला, शेजाऱ्यानेही गाव विचारिले. मग तो ओट्यावरच बसून राहिला.

दुसरे दिवशी गोतसभा बसली, सरकारी वसुलाचे अंमलदार कमाविसदार लोडास टेकले, आणि हैबती परक्यांत उभा राहिला. हेळव्याने पिढ्या म्हटल्या, गोंदजीपासून बहिरजीपर्यंत, आणि थांबला. पुढे कोण ऐसे पुसता म्हणाला की पुढे कोणी नाही. कमाविसदारांनी सगुणाबाईस पुसिले की बाई, कपाळी कुंकू आहे, ते कोणाचे? तिने कपाळास हात लाविला आणि म्हणाली, “रोज लावते. कुणाचं ते आठवत न्हाई.” तेव्हा हुकूम जाहला की पुरुष नाही, मूळपुरुषाची माती नाही, सबब दिवस मावळता घर खाली करावे.

ते ऐकून हैबतीचे काळीज फाटले. जमीन जाते हे दुःख होतेच, परंतु जगात त्यास कोणाच्याच मनात जागा उरली नव्हती, आणि सगुणा आपल्यापायी उघड्यावर पडणार होती. तो उठला, गोठ्यात गेला. बैलांनी मात्र त्यास ओळखिले आणि माना पुढे केल्या. मग तो औत घेऊन वरल्या रानात गेला. म्हातारा अजून तेथेच औत हाकीत होता. हैबती म्हणाला, “आजोबा, मी हैबती. बहिरजीचा. तुमचाच.”

म्हाताऱ्याने वर पाहिले नाही. “त्या अंगानं लाग,” एवढेच म्हणाला.

इकडे सभेत हेळव्याच्या बैलाने मान हालविली, घंटा वाजली, आणि हेळवी कोणी न पुसता बोलिला, “बहिरजीचा हैबती. गोंदजीसंगं इर्जिकीला गेलाय.” सगुणाबाई उभी राहिली. “माझा मालक,” म्हणाली आणि धावत सुटली. सभा मागोमाग गेली. वरल्या रानात दोन ताजी तासे होती आणि माणूस नव्हते. सगुणाबाई दिवस मावळेपर्यंत हाका मारीत राहिली. कमाविसदारांनी ती तासे पाहिली, घाम पुसिला आणि लिहविले की मूळपुरुष मेला नाही, शेतात आहे. ज्याचा मूळपुरुष अद्याप राबतो त्याचे वतन जप्त करिता येत नाही.

येणेप्रमाणे घर राहिले, वतन राहिले. सगुणाबाई दर अक्षयतृतीयेस वरल्या बांधावर दोन भाकऱ्या ठेवून येत असे. पहिली काही वर्षे त्यांतील एक खाल्लेली असे, आणि त्या दिवशी ती सुखाने जेवत असे. पुढे एका वर्षी दोन्ही तैशाच राहिल्या. तेव्हा तिने कुंकू पुसिले. भाकऱ्या मात्र ती अखेरपर्यंत ठेवीत गेली. हे वर्तमान. लेखनसीमा.