जहाजावर टाकलेला रुमाल

माझी बायको मंगला गेली त्या दिवशी सकाळी सव्वादहाला नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. साडेदहाला माझा मोबाइल वाजला. जहाजवाल्या कंपनीचा मेसेज होता. "अभिनंदन! आपल्या समुद्रसफरीला आता फक्त शंभर दिवस उरले! आपण आणि आपल्या सहप्रवासी तयारीत आहात ना?"

मी तो दोनदा वाचला आणि मोबाइल खिशात ठेवला. उत्तर काय देणार?

तुम्ही म्हणाल, पुढे सवडीनं कळवून टाकायचं. बरोबर आहे. पण आधी माझा धंदा ऐकून घ्या. मी सौंसरच्या बसस्टँडवर एकतीस वर्षं बुकिंगला बसलो. सौंसर-नागपूर, प्रायव्हेट गाडी. बावन्न सीटांच्या गाडीचे साठ नंबर विकून साठही जणांना हसत नागपूरला पोचवणारा माणूस आमच्या भागात एकच झाला, आणि तो म्हणजे मी!

ही विद्या आहे. बुकिंग केलेल्या दहातले एक-दोन लोक येतच नाहीत. कोणाची सासू आजारी पडते, कोणाचं साक्षगंध मोडतं. त्यांच्या जागा मी आधीच विकलेल्या असायच्या. पण कधी कधी सगळ्यांच्याच सासवा ठणठणीत निघतात आणि साठच्या साठ लोक येऊन उभे राहतात! तेव्हा कोणाला मागच्या गाडीत पाठवायचं हे ओळखावं लागतं. नवरदेवाच्या पार्टीला हात लावायचा नाही. रिटायर मास्तर गाठायचा. त्याला म्हणायचं, "गुरुजी, अकराच्या गाडीत खिडकी देतो, वरतून चहा." गुरुजी खूश. उलट बाकीच्यांना सांगत फिरणार, की मला खास खिडकी दिली.

दुसरी विद्या रुमालाची. सीटवर रुमाल टाकला की ती जागा धरलेली. कोणी विचारलं, "इथं कोणी आहे का?" तर आमचं ठरलेलं उत्तर, "बाई येऊन राहिल्या, चहा प्यायला गेल्या." बाई अजून घरातूनही निघालेली नसायची! हे वाक्य मी रोज दहा वेळा म्हटलं असेल. डॉक्टरनं जीभ दाखवा म्हटलं तरी तोंडातून तेच निघालं असतं.

समुद्राचं खूळ मंगलाचं. आम्ही एकदा सहा डिसेंबरला दादरला गेलो होतो, चैत्यभूमीला. लाइन सात तासांची. लाइनीतून समुद्राची एक पट्टी दिसत होती, साडीच्या काठाएवढी. मंगला म्हणाली, "मी दोन मिनिटांत पाहून येऊ का?" मी म्हटलं, "लाइन सोडू नको, जागा जाईल." मी बसस्टँडवरचा माणूस, मला जागेची किंमत! दर्शन झालं तोवर अंधार पडला आणि आमची परतीची गाडी होती. समुद्र राहून गेला. पण अंगणवाडीतून रिटायर झाली तेव्हा मिळालेल्या पैशातून तिनं मला न विचारता जहाजाचं तिकीट काढलं. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत, पाच रात्री.

"एवढं कायले?" मी विचारलं.

"मले समुद्र चारही बाजूनं पाहायचा हाय," ती म्हणाली. "आन् तिथं लाइन नाही."

तर असं ते तिकीट. सफर सहा नोव्हेंबरची. ऑक्टोबरच्या मध्यात मुंबईहून फोन आला. श्रुती नावाची मुलगी होती. फार गोड आणि फार शुद्ध बोलायची.

"सर, एक छोटीशी अडचण आहे. सहा तारखेच्या सफरीसाठी आमच्याकडे खोल्यांपेक्षा प्रवासी थोडे जास्त झाले आहेत."

मी खुर्चीत सरळ बसलो. "म्हणजे जास्तीचं बुकिंग करून राहिले तुम्ही!"

"तसं नाही सर, काही प्रवासी ऐनवेळी रद्द करतात, त्या अंदाजानं..."

"तसंच आहे बाई. किती जास्त घेता?"

तिनं तेच वाक्य पुन्हा सुरू केलं.

"आम्ही बावन्नवर आठ घ्यायचो," मी म्हटलं. "लाजू नका."

मग तिनं तिचं म्हणणं मांडलं. मी जानेवारीच्या सफरीला जायला तयार झालो, तर आतल्या बंद खोलीऐवजी खिडकीची खोली मिळेल, शिवाय जहाजावर खर्चायला थोडे पैसे कंपनीकडून. मी ऐकत होतो आणि मला हळूहळू उमगत होतं, की एकतीस वर्षं मी ज्या रिटायर मास्तराला गाठत होतो, तो मास्तर आज मीच आहे!

"फक्त मॅडमना एकदा विचारता का, सर? दोघांची तयारी हवी."

इथं सांगायचं होतं. मी फोन बाजूला धरला. घरात कोणी नव्हतं. चुलीवर भात होता, त्याचं झाकण हलत होतं. थोडं थांबलो आणि फोन कानाला लावला.

"हाव म्हणते," मी म्हटलं.

दोन दिवसांनी मोबाइलवर नवीन तिकीट आलं. प्रवासी एक, देवीदास ढोके. प्रवासी दोन, मंगला देवीदास ढोके, वय साठ. खाली लिहिलं होतं, जागा निश्चित. तोवर आमच्या मुलीनं, स्नेहानं, रेशनकार्डावरून आईचं नाव कमी केलं होतं. बँकेतून केलं, मतदार यादीतून केलं. जिथं तिथं दाखला लावला. तेच बरोबर असतं. इथं मात्र ते नाव छापून आलं होतं, तेही खिडकीसकट.

जानेवारीच्या सुरुवातीला पुन्हा फोन. पुन्हा प्रवासी जास्त! आता मार्चमध्ये जा, बाल्कनीची खोली देतो.

"मीच का?" मी विचारलं.

"सर, आमच्या यादीत समजूतदार प्रवासी म्हणून तुमचं नाव सगळ्यात वर आहे. मॅडमशी बोलू का?"

"येऊन राहिली ती, चहा प्यायला गेली," माझ्या तोंडून निघालं. एकतीस वर्षांची सवय, मी तरी काय करू!

"बरं, त्यांना नमस्कार सांगा."

मी म्हटलं, सांगतो.

तिसरा फोन फेब्रुवारीच्या शेवटी आला, आणि तिथून गाडी रस्ता सोडून शेतात शिरली.

"सर, या वेळी तुम्हाला ऑक्टोबरची सफर आणि जहाजावरचा सगळ्यात मोठा सूट देतोय," श्रुती म्हणाली. "पण आता नियम कडक झालेत. दोन्ही प्रवाशांचा होकार रेकॉर्ड करावा लागतो. मॅडमना फोन द्या."

"येऊन राहिली, चहा..."

"सर, मागच्या वेळीही मॅडम चहालाच गेल्या होत्या."

नेमक्या तेव्हाच शेजारच्या शकुबाई दारात आल्या. वय बासष्ट, पंधरा वर्षांपासून एकट्या, आवाज असा की त्यांनी घरात ओवी म्हटली तर पलीकडच्या मोहगावची कुत्री भुंकतील. मंगला गेल्यापासून दर मंगळवारी त्या मला वाटीभर भाजी आणून देतात. त्या दिवशी वांग्याची होती.

मी फोनवर हात ठेवला. "शकुबाई, फोनवर फक्त 'हो' म्हणा."

"कोणाचा फोन होय? गॅसवाल्याचा?"

"तसंच समजा."

मी स्पीकर चालू केला.

"मंगला मॅडम बोलताय का?"

शकुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले.

"हो," शकुबाई म्हणाल्या.

"मॅडम, आपण ऑक्टोबरमध्ये सरांसोबत पाच रात्री जहाजावर आमच्या खास दाम्पत्य सूटमध्ये राहायला तयार आहात ना?"

शकुबाईंची वाटी हातात तिरपी झाली. अशी नजर मी फक्त एकदा पाहिली होती, जेव्हा मी एका म्हातारीला बकरीशेजारचा नंबर दिला होता.

"पाच रात्री?"

मी पुन्हा हात जोडले. मान हलवली. डोळ्यांनी विनवलं.

"हो बाप्पा हो!" शकुबाई ओरडल्या, वाटी ओट्यावर आपटली आणि तरातरा निघून गेल्या.

"मॅडम फारच उत्साही आहेत!" श्रुती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुबाई परत आल्या. अंगावर नवी साडी, कडक घडीची. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

"भाऊजी, मी विचार केला. तुम्ही मंगलाच्या नावावर मले जहाजावर न्याचं म्हणून राहिले. तुमचं एकटेपण मले समजते. पण मी नाही येत. मले पाण्याची भीती लागते. कन्हानच्या पुलावरून बस चालली तं मी डोळे मिटून घेतो. तुम्ही दुसरं काही मनात आणू नका. विचारलं, मले बरं वाटलं."

आता सांगा, मी काय बोलायचं? "मी विचारलंच नव्हतं" म्हटलं तर त्यांचा अपमान. "हो, विचारलं होतं" म्हटलं तर माझी फजिती. आणि बाई नाही म्हणायला नवी साडी नेसून आली होती!

"बरं," मी म्हटलं.

एवढं एक 'बरं' दुपारपर्यंत सगळ्या सौंसरात फिरलं. मी स्टँडवर गेलो तर माझ्या खुर्चीवर आता बसणारा नितीन उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत तो कधी उठला नव्हता.

"काकाजी, जयभीम. बसा. चहा घ्या. खचू नका!"

"काय झालं बे?"

"शकुकाकूनं नाही म्हटलं तं म्हटलं. जग काय थांबते का? आपण दुसरी पाहू!"

"अबे, मी कोणाले काही विचारलं नाही!"

"हाव ना," नितीन म्हणाला आणि बाजूच्या ड्रायव्हरकडे बघून त्यानं हळूच मान हलवली. "सुरुवातीले असंच म्हणावं लागते."

आमच्याकडे बातमीला मोबाइल लागत नाही, बस लागते. साडेबाराच्या गाडीनं ती पांढुर्ण्याला पोचली. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून स्नेहा तिथल्या कलेक्टर ऑफिसात क्लार्क आहे. साडेचारच्या गाडीनं ती माझ्या दारात. चप्पल काढायच्या आधी बोलायला लागली.

"बाबा, आईले जाऊन सात महिने झाले. सात! आन् तुम्ही शकुकाकूले जहाजावर न्याले निघाले?"

"नाही बेटा."

"मंग काय, ऑफिसातले लोक मले खोटं सांगून राहिले? पट्टेवाल्यानं मले विचारलं, 'ताई, लग्न जहाजावरच का?'"

"पाणी घे आधी."

"पाणी नको मले!"

मी नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चची तिन्ही तिकिटं काढली आणि मोबाइल तिच्या हातात दिला. कागद वाचणं तिचं कामच आहे. तिनं पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. तिसऱ्यावर बराच वेळ थांबली.

"याच्यात आईचं नाव आहे."

"हाव."

"तुम्ही यांना सांगितलंच नाही?"

"तिकीट आईनं काढलं होतं," मी म्हटलं. "सांगितलं की ते तिचं नाव काढतील. एकट्याची खोली करून देतील. मले माहीत आहे, मी पण तेच केलं असतं. रिकाम्या सीटवर दुसरा माणूस बसवणं, हेच तं काम केलं आयुष्यभर."

स्नेहा खाली बसली. मग मी तिला दादरच्या लाइनीची गोष्ट सांगितली. तिला ती माहीत नव्हती. आईनं कधी सांगितली नव्हती म्हणे.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि ऑफिसातल्यासारखी ताठ झाली. "बाबा, हे बरोबर नाही. जहाजावर चढताना ओळखपत्र पाहतात. दोन माणसं दाखवून एक गेला तं तिथं उभं ठेवतील. मी आत्ता फोन करतो. दाखल्याची कॉपी आहे माझ्याजवळ, पाठवून देतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"कर," मी म्हटलं. खरंच म्हटलं. कोणीतरी करावं असंच मला वाटत होतं.

तिनं नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. आधी बाजा वाजला, मग श्रुतीचा आवाज आला. एक सांगायचं राहिलं. स्नेहाचा आवाज हुबेहूब तिच्या आईसारखा आहे. फोनवर तर मीच फसतो.

"नमस्कार, मी देवीदास ढोके यांच्या घरून बोलून राहिली," स्नेहा म्हणाली.

"अरे वा! मंगला मॅडम का? काल आपला आवाज जरा वेगळा वाटला होता. कशा आहात आपण?"

स्नेहाचं तोंड उघडं होतं. हातात दाखल्याची कॉपी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. सरकारी कामात ही मुलगी कोणाच्या बापाला ऐकत नाही, पांढुर्ण्यात कोणालाही विचारा.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "मी त्यांची मुलगी. आई..."

"हो, बोला ना."

"आई चहा प्यायला गेली," स्नेहा म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

तिनं दाखल्याची कॉपी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग तिला हसू आलं, मला पण आलं. हसता हसता ती रडली, आणि मी चहा ठेवायला उठलो. वांग्याची भाजी उरली होती, ती तिनं पोळीसोबत खाल्ली. साडेसातच्या गाडीला मी तिला खिडकी मिळवून दिली. नितीननं आमच्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, पोरगी मानली वाटते.

आता सफर अकरा ऑक्टोबरला आहे. खोलीला दोन खिडक्या, एक बाल्कनी आणि पलंगावर म्हणे टॉवेलचे दोन हंस करून ठेवतात. मी जाणार आहे. स्नेहा मुंबईपर्यंत सोडायला येते म्हणते. बॅग भरून ठेवली आहे, मंगलाची शालही त्यात घातली आहे.

दोन कामं राहिली आहेत. शकुबाईंना मी जहाजावर यायचं कधी विचारलंच नव्हतं, हे त्यांना सांगायचं राहिलं आहे. पण ते मी आता सांगणार नाही, कारण भाजी अजून दर मंगळवारी येते.

आणि मंगला येणार नाही, हे जहाजवाल्यांना सांगायचं राहिलं आहे.